मोदकपात्रातलं नाणं

साल २०१७. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि ईलिंगमधल्या आमच्या रस्त्यावर मला तोंडावर हसायची हिंमत एकाच माणसात होती. ती म्हणजे शेजारची मक्याबाई. मूळची मेक्सिकोची. नवरा इंग्रज होता, तो गेला आणि ही मागे राहिली. खरं नाव चार तुकड्यांचं, ते मला कधी पाठ झालं नाही. कणसं सोलली की त्यांची पानं ती टाकायची नाही. धुऊन, खिडकीत मोज्यांच्या शेजारी दोरीवर वाळत घालायची. म्हणून मक्याबाई. हे नाव मी ठेवलं हे तिला कळलं, तेव्हा तिनेही माझं नाव ठेवलं. सेन्योर नो. म्हणजे श्रीयुत 'नाही'.

नाव चुकीचं नव्हतं. कोणी काही विचारलं की माझं पहिलं उत्तर "नो" असतं, आणि दुसरंही बहुतेक तेच. मी चौथी पास. बायको मालती नर्स होती, तिच्यामागे मी या इंग्रजांच्या देशात आलो. लोक हे उलटं करून सांगतात, मी सरळ सांगतो. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भांडी घासली, आणि माझ्यासारखी चकचकीत भांडी त्या इमारतीत नंतर कोणी घासली असतील असं मला वाटत नाही. "नो" या एका शब्दावर चाळीस वर्षं निभावली. मक्याबाई म्हणायची, "सेन्योर नो, तुम्ही मेल्यावर देवाने आत या म्हटलं, तरी तुम्ही नोच म्हणाल."

मालती गेल्यावर मी स्वतः स्वयंपाक करायला लागलो आणि पातेली जाळायला लागलो. दूध ठेवायचो आणि विसरायचो. तिसरं पातेलं जळलं त्या दिवशी माझी मुलगी सुषमा स्टॅनमोरहून गाडी हाकत आली. ती इथेच जन्मली, सॉलिसिटर आहे, कागद वाचून लोकांना घाबरवते.

"बाबा, धिस इज द थर्ड वन! पातेला जळते, अलार्म ओरडतो आणि तुम्ही टीव्ही बघत बसता. वन मोर टाइम, आणि तुम्ही स्टॅनमोरला येणार. रूम रेडी आहे."

ती खोली मी पाहिली होती. पांढरा गालिचा. त्या घरात हिंगाची फोडणी द्यायची तर तीन खिडक्या उघडाव्या लागतात. मी म्हटलं, "नो." पण मालतीचं हे घर, तिच्या हाताने लावलेल्या बरण्या, सगळं एका पातेल्यावर येऊन टेकलं होतं, हे मलाही कळत होतं.

भिंतीपलीकडून मक्याबाईने सगळं ऐकलं. ऐकायचं ही तिची सवय, आणि ती लपवायची नाही ही दुसरी. दुसऱ्या दिवशी ती मक्याच्या पिठाची पिशवी, भिजवलेली पानं आणि एक अननस घेऊन हजर. "तुम्हाला गोड तमाले शिकवते. मुलीला जेवायला बोलवा."

"नो."

"छान. अननस तुम्ही चिरा."

तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही लंगडी. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालायची. तमाले म्हणजे काय, तर मक्याचं पीठ लोण्यात फेसायचं, त्यात साखर, मनुका आणि शिजवलेला अननस घालायचा, कणसाच्या पानात गुंडाळायचं आणि उकडायचं. तिच्याकडे डुकराची चरबी घालतात म्हणाली. मी नो म्हटलं, लोणी घातलं. पिठाची गोळी पाण्यात तरंगली की फेसणं पुरे झालं. माझी गोळी पाच वेळा बुडाली. मग मी मनात म्हटलं, ही तर आपली पातोळीच, नुसतं पान वेगळं. हळदीच्या पानावर थापतात तसं मी पीठ थापलं, पानाच्या खरखरीत बाजूवर. सगळं चिकटलं. मक्याबाई पोट धरून हसली. "पान तुमच्यासारखं आहे. बाहेरून खरखरीत. आतली बाजू शोधावी लागते." तिची पाठ वळताच मी वेलदोड्याची पूड टाकली. तिने वास घेतला, आणि उकडून झाल्यावर तीन खाल्ले.

उकडायला मी मालतीचं मोदकपात्र काढलं. ते बघताच मक्याबाईने त्यावरून असा हात फिरवला, जणू ते घरीच घेऊन जाणार, की मला दोन पावलं पुढे सरकावं लागलं. मग तिने खिशातून तिच्या देशाचं एक जुनं नाणं काढलं आणि तळाच्या पाण्यात टाकलं. पाणी उकळू लागलं तसं ते खणखण नाचायला लागलं. "आई अशीच टाकायची. पाणी आहे तोवर हे बडबडतं. गप्प झालं की पाणी घाला. तुमचे डोळे टीव्हीवर असू देत, सेन्योर नो, कान इथे ठेवा."

आठवडाभर मी त्या नाण्याशी बोलत होतो म्हटलं तरी चालेल.

रविवारी सुषमा आली. मक्याबाईने आणि मी नाणं टाकून मोदकपात्र गॅसवर चढवलं होतं. सुषमाने आल्या आल्या फोनवर त्या खोलीचे फोटो दाखवले, आणि आमची जुंपली. ती इंग्रजीत, मी मराठीत. अर्ध्या तासाने मक्याबाईने झाकण उघडलं, एक तमाले सोडवून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"कच्चे! घरात कोणी रागावलेलं असलं की तमाले शिजत नाहीत. इथे तर दोघं आहेत." तिने पानाच्या दोन पट्ट्या फाडून मोदकपात्राच्या दोन्ही कानांना गाठी मारल्या. "आता रागावलेल्यांनी याच्यासमोर नाचायचं. नाही नाचलात तर कच्चे खा."

"आंटी, यू आर नॉट सीरियस," सुषमा म्हणाली.

मक्याबाई सीरियस होती. तिने टाळ्या वाजवून गायला सुरुवात केली. सुषमाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग सॉलिसिटरबाई मोज्यांवर नाचायला लागल्या, आणि मी लहानपणी शिमग्यात नाचायचो तसा नाचलो. सुषमा इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. गाणं, टाळ्या, हसणं, सगळा गोंधळ. आणि त्यात मला एकदम काहीतरी कमी ऐकू आलं.

"गप्प! नाणं थांबलं!"

मी गरम पाण्याची किटली उचलली आणि कडेने पाणी ओतलं. क्षणभराने नाणं पुन्हा बोलायला लागलं. सुषमाला मी सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ वाकून मोदकपात्राला कान देऊन उभी होती. जाताना म्हणाली, "ओके बाबा. इथेच राहा. पण चहाला पण ती नाणं टाका, प्लीज." चार तमाले डब्यात घालून घेऊन गेली.

सुषमा गेल्यावर मक्याबाई मात्र म्हणाली, "शिजायला सव्वा तास लागतो. मी अर्ध्या तासात उघडले. कच्चे असणारच होते."

"म्हणजे रागाचं ते खोटं?"

"ते खरं आहे. मी फक्त घाई केली."

तीन वर्षं आम्ही दर रविवारी उकडत होतो. आंबा, पेरू, स्ट्रॉबेरी. मग तिकडे तिची बहीण अंथरुणाला खिळली, आणि ती निघाली. कायमची. टॅक्सी दारात उभी होती. मी सकाळपासून तिच्याशी बोललो नव्हतो. तिने नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. मी आत गेलो, मोदकपात्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि तिच्या बॅगेवर ठेवलं. मालतीची वस्तू. तिने विचारलं, "नक्की?" मी आयुष्यात पहिल्यांदा तिला "येस" म्हटलं. ती रस्त्यावरच रडली. मी नाही. मी फक्त टॅक्सीवाल्याला नीट चालव म्हणून ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या पातेल्यात वाटी उपडी घातली, वर चाळण ठेवली, पाण्यात नाणं टाकलं, तमाले उभे रचले आणि पातेल्याच्या दोन्ही कानांना पानाच्या पट्ट्या बांधल्या. मी फार रागावलो होतो. म्हणून समोरच्या बसस्टॉपवर माणसं उभी असतानाही पडदा न ओढता, गॅससमोर एकटाच नाचलो.