ती बाई अंगणात का झोपली?

मागच्या गुरुवारी लातूरहून किल्लारीला गेले, आत्याकडे. चार दिवसांवर एम.ए.ची प्रवेश परीक्षा होती आणि माझं एकाच प्रश्नावर अडलं होतं... अपरिचित कवितेचं रसग्रहण.

मेडिकलच्या 'नीट'चा क्लास अर्ध्यात सोडून मी बी.ए. मराठीला गेले होते. लातुरात असं कुणी करत नाही! "मराठी घेऊन काय करायली तुमची पोरगी?" हे बाबांना अजून ऐकावं लागतं. हा प्रवेश हुकला तर त्यांच्याकडे उत्तर उरणार नाही.

मग मी तयारीही क्लाससारखीच केली. आशय, प्रतिमा, अलंकार, भाषा... साचा तोंडपाठ. एक शब्द खोडला तरी पान फाडून पुन्हा लिहायचे.

कॉलेजच्या सरांनी सरावासाठी कवींची नावं झाकून झेरॉक्स दिल्या होत्या. एका कवितेत एक बाई लेकराला कुशीत घेऊन अंगणात झोपते. मी लिहिलं, "चांदण्या रात्रीचे मनोहारी वर्णन येथे आढळते." वर दोन अलंकारही शोधले.

आत्या शेंगा फोडत बसली होती. शाळेच्या आधी मला अक्षरं तिनेच शिकवली, त्यामुळे वही अजून तिलाच दाखवते. तिने आधी कविता वाचली, मग माझं उत्तर... आणि हसायलाच लागली.

"अगं माय, कशाचं चांदणं! भितीला भिऊन भाईर झोपली हाय ती."

मला आधी 'भीतीला' ऐकू आलं. मग आठवलं, आत्या भिंतीला 'भित' म्हणते.

"पण कवितेत भिंत कुठंय?"

"तेच की! दार हाय, आंगण हाय, भितीचं नावच घेत न्हाई ती बाई."

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीतल्या भिंती कोसळल्या, त्यानंतर आत्या कित्येक महिने छपराखाली झोपली नव्हती. आजही तिची खाट दाराशीच असते. हे सगळं माहीत असून मी चांदणं लिहून बसले होते... खूप लाज वाटली.

तरी शंका काढलीच. "कविता भूकंपाची आहे कशावरून?"

"नसंल बी. पण आधी इचार तरी, बाई भाईर का आली?"

काल पेपर झाला. कवितेत एक म्हातारा रोज बसस्टँडवर येतो, पण कुठल्याच गाडीत बसत नाही. साचा समोर नाचत होता. मी कच्च्या पानावर एवढंच लिहिलं, "का बसत नाही?" आणि तिथून सुरुवात केली. अलंकार एकच सापडला. पण शेवटपर्यंत त्या म्हाताऱ्याजवळून हलले नाही.

निकाल यायचाय. थोडी आशा आहे...

चांदण्याचं ते पान मात्र फाडलं नाही. समासात आत्याने लाल पेनने लिहिलंय, "भितीला भिऊन." शुद्धलेखन दुरुस्त करायला हात शिवशिवतोय... पण राहू दे तसंच.