कूलर बंद करून केलेलं गाणं

कूलरमध्ये नवा वाळा भरला, की त्याच्या ओल्या वासासरशी मला जरीपटका वस्तीतली माझ्या मित्राची, समीरची खोली आठवते. स्टुडिओची पायरी चढायची नाही, हा आमचा बाणा होता. आवाज नको म्हणून कूलर बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन आम्ही मोबाइलवर रॅप रेकॉर्ड करत होतो. गाणं वस्तीतल्या कोरड्या नळावर होतं.

तेवढ्यात समीरची आई हंडा घेऊन आली. "कूलर काहून बंद केला गा? पाणी मी भरून राहिली, अन् बोंबलून तुम्ही राहिले!"

समीर हसला. मी चिडून रेकॉर्ड झालेला तो टेक पुसून टाकला.

मागच्या उन्हाळ्यात ती वारली. तेराव्याला समीरने हळूच विचारलं, "आईचा आवाज आला होता, तो टेक असंन का तुयाजवळ?"

गाणं आहे माझ्याजवळ. अगदी स्वच्छ आहे. त्यात दुसऱ्या कुणाचाच आवाज नाही.