पथारीवरचं ऊन

नंदुरबारला आमच्या घरामागेच मिरची वाळवायची पथारी होती. आई तिथे हंगामभर मजुरीनं ओली मिरची उन्हात पसरायची. आभाळ भरलं की सगळ्या बायका मिरची झाकायला ताडपत्र्या घेऊन धावायच्या. पुढे मालकानं ती जागा सोलर प्रकल्पाला दिली. उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले, आता ऊन राज्याला पैसा देईल, गावाला रोजगार देईल. माझं डोकंच फिरलं. याच उन्हावर आमची चूल पेटत होती. आज तिथे कामाला एक वॉचमन आहे.

परवा अवकाळी ढग आले. आई ताटावरून उठून कुंपणापर्यंत पळाली. मीही मागोमाग गेले. सोलरच्या प्लेटांवर पाऊस वाजत होता.

"आते झाकाले काहीच नही ऱ्हायनं," ती म्हणाली आणि तिथेच भिजत उभी राहिली.