मामांचा लाइमलाइट

आमच्या मोठ्या मामांइतका उजेडाचा सोस सूर्यफुलालाही नसेल. नात्यातल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा, नवरा-नवरीच्या मधून मामांची मान डोकावतेच. हिंगणीकडच्या खेड्यात शेती सांभाळून त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या हौसेलाही इंग्रजी नाव होतं: लाइमलाइट. मामा-मामी सिंदी मेघेला आमच्याकडे आले की चहाच्या आधी मामांकडून त्याचा अर्थ. "अबे, लाइम म्हणजे लिंबू नोहे, चुना! पहिले इंग्रजांच्या नाटकात चुना तापवून नटावर उजेड पाडत. म्हणून जो लोकाइच्या नजरेत, तो 'इन द लाइमलाइट'. 'ऑन' लिहिलं त मार्क कटले!" त्यावर मामी आतून म्हणायची, "चुन्याचं मले नका सांगू. लग्नात माह्या बापाले तुमीच लावला."

पुढे गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि मामी निवडून आली. हार मात्र मामांनी घालून घेतला. ग्रामसभा असो की कुणाचा सत्कार, खुर्ची मामीची आणि भाषण मामांचं. मामी पदर सावरत बसून राहायची.

मग पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन आलं. मीही गेलो होतो. तालुक्याचे साहेब व्यासपीठावर होते. सरपंचांचं नाव पुकारलं गेलं आणि मामा सवयीनं जाकिटाची बटणं लावत उठले. मामीनं मागून त्यांचा सदरा धरला.

"बसा तुमी. मले बोलाचं हाये."

मामा अर्धे उभे, अर्धे बसलेले. शेवटी ते बसले. फोटोवाला पुढे आला, तेव्हा तर खुर्ची ओढून बाजूलाही झाले.

मामीनं आधी माइक खाली ओढून घेतला. मग तिनं साहेबांनाच विचारलं, "टाकी झाली, बरं झालं. पण वरच्या वस्तीत पाइप काऊन नाई नेला? तिथल्या बाया अजून विहिरीवरूनच पाणी आणून राह्यल्या." साहेबांनी घाम पुसला आणि माइकवरच पाइप कबूल केला. टाळी पहिली वाजवली ती मामांनी.

घरी येईस्तोवर मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. ओसरीवर टेकल्यावर हळूच म्हणाले, "मी लई बोलतो का वं?"

"बोलता," मामी चहा ठेवत म्हणाली. "पण आज रस्त्यानं चूप होते, त मले करमलंच नाई."

मामांनी बशीत चहा ओतला, पण उचलला नाही. "ते पाइपाचं," ते म्हणाले, "एकडाव अजून म्हणून दाखव ना."

मामीनं माझ्याकडे पाहिलं, लाजली, आणि खरंच उभी राहिली. ऐकायला आम्ही दोघंच होतो.