मनूची पुढे गेलेली तारीख

दिनेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या बाजारात कांदे निवडत होतो. "अहो, तो हर्नियाच्या ऑपरेशनला गेलाय," असं मीच त्याच्या मेहुण्याला समजावत राहिलो. तो म्हणाला, "तिथंच... भूल दिली आणि अंग तापतच गेलं." आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर चहा पिऊन, साखर कमी म्हणून कुरकुर करून गेलेला माणूस. मला अजूनही हे पटलेलं नाही.

भिसेगावात आम्ही एका गल्लीत वाढलो. दिनेश माथेरानच्या एका हॉटेलात वायरमन. फ्यूज उडाला की आधी फ्यूजला शिव्या, मग दुरुस्ती. कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की म्हणायचा, "लिंबाचं सरबत करा, मिरची भज्यांना ठेवा." त्याच्या आठ वर्षांच्या मनूचं टॉन्सिलचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलं, तेव्हा खालापूरकडच्या गावातून त्याची आई आली आणि हटून बसली. "आपल्या घरात भूल सोसत नाय रं. तुजा काका हात मोडला म्हनून नेला, तो उठलाच नाय." दिनेश हसला. "आये, तवाची गोष्ट येगळी." पुढे घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, असं हॉस्पिटलात विचारलं, तर यानं बेधडक 'नाही' सांगितलं. तो खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी आईची ती गोष्टही लिंबू-मिरचीच होती.

ऑपरेशन तोंडावर आलं असताना ऑक्टोबरच्या उन्हात त्यानं मनूला नेरळला बर्फाचा गोळा खाऊ घातला. पोरगी सर्दीतापानं आडवी झाली. त्याच्या बायकोनं, वैशालीवहिनींनी, त्याला असा फैलावर घेतला, की रात्री तो आमच्याकडे जेवला. मनूची तारीख पुढे गेली. "रजा काढलीच आहे, तर माझा हर्निया उरकून घेतो," तो भात कालवत म्हणाला... आणि आम्ही सगळे 'बरं होईल' म्हणालो.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हा जन्मजात दोष. भुलीच्या ठरावीक औषधांनीच जागा होतो, एरवी माणूस ठणठणीत. त्याच्या राखून ठेवलेल्या रक्तात तो सापडला, तेव्हा मुलीलाही तपासा म्हणाले. मनूच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, झालं. ना सुई, ना रक्त. "गुदगुल्या झाल्या, काका," ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते. मला संताप आला, पण कुणावर करायचा?

दोष मनूतही निघाला. वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, तिनं तो गोळा खाल्ला नसता तर..." म्हातारी शेजारीच होती. 'मी सांगत व्हते' असं ती त्या दिवशीही म्हणाली नाही आणि आजवर म्हणालेली नाही.

ती औषधं टाळून मनूचं ऑपरेशन झालं. ती डोळे उघडेपर्यंत मी जिन्यात उभा होतो, आत जायचं धाडस नव्हतं. घसा पुरता बरा झाल्यावर परवा वहिनींनीच सांगितलं, "तिला नेरळला नेऊन आणा." गोळेवाल्यानं मनूला ओळखलं आणि न विचारता दोन कालाखट्टा केले. मी काही बोलणार, तोच मनूनं दोन्ही हात पुढे केले.

"बाबांचा पण मीच खायचे," ती म्हणाली.