काचेलगतचं टेबल

नवीन हॉटेल उघडलं की मला राहवत नाही. रस्त्यात कुठे फुग्यांची कमान आणि 'शुभारंभ' असा फ्लेक्स दिसला, की माझी स्कूटी आपोआप हळू होते. नवरा म्हणतो, लग्नात स्वतःच्या मांडवाकडेसुद्धा तू एवढ्या हौसेने बघितलं नव्हतंस. खरं आहे. मांडवाच्या पलीकडे काय वाढून ठेवलंय ते मला माहीत नव्हतं, हॉटेलात निदान मेनू कार्ड असतं.

आम्ही सावेडीच्या पुढच्या अंगाला राहतो. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. घर घेतलं तेव्हा समोरच्या रस्त्यावर गॅरेज, पत्र्याच्या शेडमधली पिठाची गिरणी, लाकडाची वखार आणि मध्ये मध्ये ज्वारीची रानं होती. रिक्षावाले यायला कुरकुर करायचे. आता त्याच रस्त्यावर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. गॅरेजच्या जागी पिझ्झा आला, गिरणीच्या जागी कॅफे आला आणि तिथे कॉफीच्या फेसावर पान काढून देतात. एक बार्बेक्यू आलं, एक चुलीवरच्या मटणाचं आलं, मोमोच्या गाड्या तर विचारूच नका. मी यावर खूश आहे. गिरणी गेली म्हणून हळहळणारे पुरुष कॉलनीत बरेच आहेत, पण त्यांतल्या एकानेही त्या धुरळ्यात डबा घेऊन रांग लावलेली नाही. ती मी लावलेली आहे.

माझ्या या वेडात मला साथ होती ती सासूबाईंची. त्या मूळच्या पारनेरकडच्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. गुडघ्यांमुळे फारशा बाहेर पडत नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि मी शाळेत शिकवून घरी आले की दिवसभराचा अहवाल देतात. "आज फरश्या आल्या." "आज रंगवालं आलं हुतं, पन रंग काय मला पटला न्हाई." आमच्या अगदी समोर, वखारीच्या जागेवर काहीतरी मोठं उभं राहत होतं आणि ते काय असेल यावर आमच्या दोघींच्या पैजा लागायच्या. मी म्हणायचे साड्यांचं दुकान, त्या म्हणायच्या दवाखाना. एके दुपारी घरी आले तर त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. समोर सहा माणसं मिळून जमिनीपासून छतापर्यंत अख्खी काच बसवत होती. आत टेबलं मांडलेली दिसत होती.

"हॉटेल हाय," त्या म्हणाल्या. "मला तिथं जेवायचंय. काचेला लागून टेबल हाय ना, त्याच्यावर."

सासूबाईंनी स्वतःहून स्वतःसाठी काही मागितल्याचं मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मला इतका आनंद झाला, की उद्घाटन कधी आहे ते मी तशीच खाली जाऊन विचारून आले.

मग पाटी लागली. निळ्या दिव्यांत झळकली: फॅमिली रेस्टॉरंट अँड बार. नवऱ्याने ती गॅलरीतून वाचली आणि म्हणाला, "आईला बारमध्ये न्यायचं नाही." मी म्हटलं, फॅमिली पण लिहिलंय की. "लोकांना शेवटचा शब्द दिसतो," तो म्हणाला. तो सरकारी कचेरीत आहे आणि अर्धी कचेरी याच रस्त्याने घरी जाते. महिन्यातून एकदा हा मित्राच्या शेतावर जातो आणि बडीशेप चघळत परत येतो, ती गोष्ट वेगळी. ते शेत मी अजून पाहिलेलं नाही.

आईचं मन मोडायला नको म्हणून रविवारी त्याने आम्हाला दुसरीकडे नेलं. शुद्ध शाकाहारी, वरच्या मजल्यावर एसी फॅमिली हॉल. थाळी उत्तम होती. सासूबाई पोटभर जेवल्या आणि घरी येऊन गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाल्या, "चांगलं हुतं सगळं. पन समोर भिंतच की." नवऱ्याला त्याचा अर्थ लागला नाही. तेव्हा मलाही लागला नव्हता.

पण मी ठरवलं. बुधवारी संध्याकाळी पाचला सासूबाईंना म्हटलं, "आई, चला." त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. आत गेल्या आणि ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून आल्या. रस्ता ओलांडायला आम्हाला दहा मिनिटं लागली. मला वाटत होतं, जणू मीच कुणाबरोबर तरी पळून चालले आहे.

दारातला वेटर अदबीने म्हणाला, "आजी, फॅमिली सेक्शन वर आहे. लिफ्ट आहे."

"आन् ही खाली बसलेली कुनाचीच न्हाईत व्हय?" सासूबाई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

काचेलगतचं टेबल मोकळं होतं. त्या बसल्या, पदर सारखा केला आणि मग त्यांनी जे सुरू केलं त्याने मला घाम फुटला. त्या बघायला लागल्या. रस्त्याकडे नाही, आत. मान वळवून वळवून प्रत्येकाच्या ताटात. कोपऱ्यात दोघे जण बिअर घेत होते, त्यांच्याकडे तर चांगलं निरखून पाहिलं. "ती दारू का?" मी हो म्हटलं. "फेस बाकी दूध उतू आल्यावानी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. मी मेनू वाचून दाखवायला लागले तर म्हणाल्या, "वाचू नको. मी बघून सांगते." तेवढ्यात शेजारी कॉलेजच्या तीन मुलींपुढे धूर सोडत, चरचरत सिझलर आलं. सासूबाईंनी सरळ बोट दाखवलं. "त्ये."

आमचं सिझलर आलं तेव्हा अख्खं टेबल धुरात गेलं. मी मागे सरले, त्या हसल्या. चुलीपुढे अर्धा जन्म काढलेल्या बाईला त्या धुराचं काय? खाली अंथरलेलं कोबीचं पान मुलींनी बाजूला सारलं होतं. सासूबाईंनी आधी तेच संपवलं. नूडल्स काट्याने जमेनात, ते हाताने खाल्ले. मी खायचं विसरून त्यांच्याकडे बघत बसले होते. कितीतरी दिवसांनी मला इतकं छान वाटत होतं.

आणि बाहेर पाहिलं तर नवरा. कचेरीतून येऊन त्याने घरापुढे गाडी लावली होती आणि हेल्मेट हातात धरून तो काचेकडे बघत उभा होता. सासूबाईंनी काट्यासकट हात वर केला आणि त्याला बोलावलं.

तो आला, पण बसला नाही. वाकून, दबक्या आवाजात म्हणाला, "आई, यायचंच होतं तर वर फॅमिलीत बसायचं."

"फॅमिलीत लई बसले रं," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुझ्या वडलांसंगं पारनेरहून एस्टीनं नगरला यायची. हॉटेलात ते आधी आत जायचे, मग मला खुनेनं बोलवायचे आन् फॅमिलीच्या त्या पडद्याआड बसवायचे. आत आमी दोन-चार बाया, समोर भिंत. भायेर काय ते हसनं, काय त्या गप्पा. वास यायचा, दिसायचं कायबी न्हाई. मी भजी खात बसायची आन् मला वाटायचं, काय असंल एवढं भायेर, जे आमी बघायचं न्हाई?"

"आज बघितलं," त्या म्हणाल्या. "मानसं जेवत्यात. एवढंच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते सिझलरच्या धुरावर ढकललं.

नवरा खुर्ची ओढून बसला, पण खांबाच्या आडोशाला, अंग चोरून. बाहेरून त्याच्या कचेरीतले दोघे जण गाडीवरून जाताना दिसले, तसं त्याने मेनू कार्ड उभं करून तोंडापुढे धरलं.

सासूबाईंनी ते पाहिलं. तोंडातला घास सावकाश खाली उतरू दिला.

"तुला पडदा लावायला सांगू का?" त्यांनी विचारलं.

कार्ड हळूहळू खाली आलं. तो उठला, खुर्ची उचलली आणि काचेला लागून, आईच्या शेजारी येऊन बसला.