खुराड्याची वरची फट

हे मी शोभाला सांगितलेलं नाही, आणि ती माझी एकुलती एक मुलगी. मालनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचं होतं — रोज उद्यावर ढकलत राहिलो, आणि गेल्या उन्हाळ्यात ती गेली. जिला सांगायला हवं होतं ती उरली नाही. जे उरलेत त्यांच्यापुढे जीभ उचलत नाही. तुम्ही परके आहात. परक्या माणसाजवळ माणूस जरा सैल बोलतो, म्हणून तुम्हाला सांगतो.

गोष्ट कोंबड्यांची आहे. हसलात? हसा. मीही बरेच दिवस स्वतःची अशीच समजूत घालत होतो — कोंबड्यांचं ते काय एवढं मनाला लावून घ्यायचं?

आमचं गाव निफाडच्या बाजूचं, सगळं द्राक्षाचं. थंडीचा कडाका पडला की आमच्याकडे पहाटे दव पानावरच गोठतं, मोटारसायकलच्या सीटवर पांढरी साय धरते. नाशिकची माणसं पेपरात निफाडचा पारा वाचून कानटोपी शोधतात. आम्ही त्या पाऱ्यात बागेत उभे असतो. पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर धरायचा, विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं, त्याच्या उबेनं बाग तरते. या कामात माझा हात धरणारा गावात नव्हता. कडाका वाढला की लोक मला विचारायला यायचे — अण्णा, आज पाणी सोडू का? मी आभाळाकडे बघून सांगायचो आणि ते तसं करायचे. थंडीतलं मला कुणी शिकवू नये, असं मी चारचौघांत म्हणायचो.

आणि घरात मालन मला शिकवायची.

तिचं माहेर देवळ्याकडचं. तिच्या आईनं दिलेल्या तलंगांपासून, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांपासून, तिनं मागच्या अंगणात कोंबड्या वाढवल्या होत्या. खुराडं विटांचं, वर कोपऱ्यातल्या खांबांवर पत्रा. पण भिंत पत्र्याला टेकवलेली नव्हती — मध्ये एका विटेएवढी फट, सगळीकडून. मी त्या फटीवरून तिला किती चिडवलं असेल! गवंड्याच्या विटा संपल्या का, म्हणायचो. ती शांतपणे सांगायची, "अहो, तो वारा त्यांच्या अंगावर नाय येत, डोक्यावरून जातो. आतली वाफ तिथून निघून जाती. कोंबडीला थंडी नाय मारत, ओल मारती."

ओल. या एका शब्दावर तिचं सगळं चालायचं. खाली भाताचं तूस, ते रोज हलवायचं, ओलं झालेलं उचलून टाकायचं. पाण्याचं भांडं दिवस मावळला की बाहेर. आणि थंडी फारच असली तर संध्याकाळी कोंबड्याला मांडीवर घेऊन त्याच्या तुऱ्याला व्हॅसलिन चोळायची, अगदी हलक्या बोटानं. त्या कोंबड्याचं नाव तिनं फौजदार ठेवलं होतं. तुरा एवढा मोठा की एका अंगाला कलायचा. "झाली का लिपस्टिक लावून साहेबांना?" मी ओट्यावरून ओरडायचो. ती हसायची. तेव्हा हसायची ती.

मग तिचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन निघालं. ऑपरेशन नाशिकला, पुढचे काही दिवस आराम शोभाकडे, तिथंच. ऐन थंडीचे दिवस. गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली, आणि स्वतःच्या पोटात कळा येत असताना मला काय सांगितलं? "बाकी काय करू नका. फट तेवढी बुजवू नका."

मी ऐकलं. हे लक्षात ठेवा — मी ते नीट ऐकलं होतं.

ती नाशिकला गेली आणि कडाका वाढला. बागेचं मी केलं ते केलंच. मग परसात आलो आणि त्या फटीकडे बघत उभा राहिलो. बागेवर टाकायचं प्लास्टिक शेडमध्ये पडलेलं होतं. ते आणलं आणि सगळं खुराडं वरून खालपर्यंत गुंडाळलं, फट कुठे दिसायला ठेवली नाही. वर आणखी शहाणपण म्हणून विहिरीच्या कोमट पाण्यानं भरलेलं घमेलं आत ठेवलं. बागेला पाण्याची ऊब लागते, मग कोंबड्यांना का लागू नये? तूस काही मी हलवलं नाही. त्या वासाची मला किळस यायची.

काळजीपोटी केलं, असं म्हणता आलं असतं. पण खरं कारण वेगळं आहे. तिनं परत यावं, कोंबड्या ठणठणीत बघाव्यात, आणि मी प्लास्टिककडे बोट दाखवून म्हणावं — बघ! इतकी वर्षं ती फट माझ्या डोळ्यांत खुपत होती, कारण घरात तेवढ्या एका गोष्टीत ती माझं ऐकत नव्हती.

सकाळी प्लास्टिक उचललं तर आतून पाणी ठिबकत होतं. घमेल्याची वाफ, कोंबड्यांच्या श्वासाची वाफ, घाणीची वाफ, सगळी कोंडून, गार होऊन त्यांच्याच डोक्यावर पडलेली. पहाटेच्या गारठ्यात ते ओले तुरे गोठले होते. फौजदाराच्या तुऱ्याचा शेंडा पांढुरका पडला होता, हाताला कडक लागत होता. एक कोंबडी पाय पोटाशी घेऊन बसली होती, उठेना.

मग मी उपाय सुरू केले. शेकोटीवर टॉवेल कडकडीत तापवला आणि तुरा चोळला — जोर लावून, रक्त खेळावं म्हणून. फौजदार ओरडत होता. मालनच्या हातात मुकाट बसणारा तो कोंबडा माझ्या हातातून सुटायला धडपडत होता, आणि मी त्याला गुडघ्याखाली दाबून धरला होता. संध्याकाळपर्यंत तुरा सुजला, त्याला फोड आले. पुढच्या दिवसांत शेंडे काळे पडत गेले.

आणि त्या काळ्या शेंड्यांना मी द्राक्षाची कात्री लावली.

घडातले खराब मणी आम्ही असेच काढतो ना. एक सडका मणी सगळा घड घालवतो, म्हणून वेळीच कापायचा. हाताला सवय होती, हात चालला. रक्त आलं ते थांबेना. हळद भरली, चिंधी बांधली, ती त्यानं पायानं ओढून काढली. पुढे, काय केलं ते न सांगता मी नुसतं विचारल्यावर शोभानं मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा कळलं की यातलं एकही करायचं नसतं. अशा कोंबडीला कोरड्या, उबदार जागेत आणायचं, गोठलेल्या जागी नुसतं कोमट पाणी लावून टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, शेकोटीजवळ तर न्यायचंच नाही. आणि काळं पडलेलं कापायचं नाही. त्याच्याखाली जिवंत भाग सावरत असतो, काळं आपोआप गळून पडतं. मालनला हे वाचावं लागलं नसतं. मी तिला फोनवर विचारू शकलो असतो. रोज फोन यायचा. "कोंबड्या बऱ्या हायत ना?" आणि मी रोज म्हणायचो, मजेत आहेत.

फौजदार गेला. पाय धरलेली कोंबडीही गेली. दुसऱ्या दोघींच्या बोटांची टोकं झडली. मेलेल्या दोघांना मी शेवग्याखाली पुरलं. मालन यायच्या आदल्या दिवशी, फटीपाशी वर गुंडाळून ठेवलेलं प्लास्टिक सोडलं, पुसलं, घडी घालून शेडमध्ये होतं तिथं ठेवलं. घमेलं बांधावर नेऊन टाकलं. आत नवं तूस घातलं, फट मोकळी केली. सगळं तिनं सोडलं होतं तसंच दिसत होतं. हे सगळं मी विचार करून केलं. चुकीबद्दल माणसाला माफी असेल, पण ती घडी घालताना माझं मन काय करत होतं?

ती आली ती तशीच, टाक्यांवर हात धरून, मागच्या अंगणात गेली. लंगडणाऱ्या कोंबड्या बघितल्या. फौजदाराला हाक मारली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "असं कसं झालं?"

तेव्हा सांगता आलं असतं. ती चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मिटलं असतं. मी तोंड उघडलं आणि वर बोट केलं. "ती फट. मी सांगत नव्हतो? सगळा गारठा तिथून उतरला."

"पण माझ्या आईकडं तर..."

"देवळ्याची थंडी वेगळी. इथली वेगळी."

तिनं मान वर केली. फटीकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती खालचं तूस उचलून बघेल, प्रश्न विचारेल, पकडेल मला. तिनं काय म्हणावं? "तुम्ही तरी काय करणार. मीच सांगून गेले होते, बुजवू नका म्हणून. माझ्याच हातानं गेला तो."

तिचं ऐकून मी वागलो, असं समजून तिनं मला माफ केलं. आणि मी ते घेतलं.

टाके काढल्यावर आठवडाही गेला नसेल, तिनं चिखल मळला आणि फट स्वतः बुजवली. मी बघत होतो. मदतीला म्हणून विटा उचलून दिल्या.

पुढचा हिवाळा आला तेव्हा माझी झोप उडाली. आता काय होणार ते मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. शेवटी ती बाजाराला गेलेली बघून मी खुराड्याच्या मागच्या बाजूच्या, बांधाकडच्या, वरच्या विटा काढल्या. तिथं बाभळीच्या फांद्या लावल्या, म्हणजे ती तिकडे जाणार नाही. कोंबड्या वाचल्या. एकीच्याही तुऱ्याला डाग नाही. थंडी सरली तेव्हा मालन ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "बघा, तुमचं ऐकलं म्हणून वाचल्या."

मी काय केलं? मी मान डोलावली.

पण हेही खरं सांगायचं ते नाही. खरं यापुढचं आहे. त्या दिवसापासून मालन मला विचारायला लागली. भाजीत मीठ टाकताना, "एवढं बास ना?" मेथी पेरायची तर, "आत्ता पेरू का थांबू?" शोभाच्या सासरी काय बोलायचं, कुठलं लुगडं नेसायचं, दुखणाऱ्या गुडघ्याला काय लावायचं — सगळं विचारून. आपल्याला कळतं यावरचा तिचा विश्वासच गेला. ज्या बाईनं पोटात कळा येत असताना मला बजावलं होतं, ती बाई तुसाला हात लावताना माझ्या तोंडाकडे बघायची. कोंबड्या तिनं त्यानंतरही पाळल्या, पण पुन्हा एकालाही नाव ठेवलं नाही.

आणि मला ते आवडायचं. हे कसं सांगू? मला ते फार आवडायचं. संसाराची सगळी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आपल्या दोघांचं आता छान जमतंय, असं मी मनाशी म्हणायचो. शोभाही म्हणायची, आई किती निवळलीय. ती निवळली नव्हती. तिला मी मोडलं होतं. मला ते रोज दिसत होतं, आणि रोज जेवताना मी सांगत होतो — हो, एवढं मीठ बास.

असे हिवाळे गेले. प्रत्येक थंडीत समोरची फट ती नव्यानं लिंपायची आणि मागचं भोक मी मोकळं ठेवायचो. शेवटच्या थंडीत तिला उठवत नव्हतं. अंथरुणातून विचारायची, "लिंपून घेतली ना फट?" मी म्हणायचो, घेतली.

ती गेल्यावर कोंबड्या मी नसीमभाभींना देऊन टाकल्या. आमच्याच गल्लीत राहतात, त्यांचे मिस्टर टेलर आहेत. मालनचं आणि त्यांचं फार चांगलं होतं. परवा गारठा पडायला लागला तशा त्या विचारायला आल्या. मी चहा टाकला.

"भाऊ, आमच्या खुराड्याची वरची फट बुजवून टाकू ना? मालनताई तर लय घट्ट लिंपायच्या."

"नका बुजवू," मी म्हणालो. मग बोलतच गेलो. वारा अंगावर यायला नको, पण वरून वाफ निघायला हवी. तूस कोरडं ठेवा. दिवस मावळला की पाणी बाहेर. तुऱ्याला व्हॅसलिन, हलक्या बोटानं. कोंबडीला थंडी मारत नाही, ओल मारते. शब्दसुद्धा तिचेच होते.

भाभी कौतुकानं ऐकत होत्या. "तुम्हाला किती माहिती हो," म्हणाल्या. मग कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "मग ताई कशाला बुजवायच्या?"

घरात आम्ही दोघंच होतो. मालनचा फोटो भाभींच्या मागच्या भिंतीवर होता, म्हणजे माझ्या अगदी समोर. आता कुणाची भीती होती मला?

मी म्हणालो, "तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं."